मला ग्रुपमधून काढलं, बरं केलं

(रविवारच्या ऑनलाइन बैठकीत केलेलं भाषण. घाईत राहून गेलेले एक-दोन आकडे भरले आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



इथं न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजलेत. दुबई-मस्कतवाल्यांची संध्याकाळ झाली असेल, आणि कॅलिफोर्नियातले तर अंधारातच उठून बसलेत. एकच सुट्टीचा दिवस असतो, त्यातला तास दिलात, त्याबद्दल आधी आभार.

माझी ओळख थोडक्यात. मी बांधकाम सुपरवायझर. कराडच्या पॉलिटेक्निकातून सिव्हिलचा डिप्लोमा केला, पुण्यात दोन वर्षं काढली, मस्कतला चार, आणि आता इथं सहा. बायको इथली नागरिक आहे, त्यामुळे माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण मी आज जे बोलणार ते मला बोलायला सोपं आहे. तुमच्यातल्या काहींना तसं नाही. तेव्हा मी सांगतो म्हणून उद्या सकाळी काही करायला जाऊ नका. ऐका, आपापसात बोला, मग ठरवा.

विषय दिलाय तो असा: कामावर टीम जोडणारी ॲप्स, काम मिळवून देणारी ॲप्स, आणि कसबी माणूस शोधायची ठिकाणं. मी तंत्र शिकवणार नाही. ॲप चालवायला तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही, तुमची पोरं तुमच्यापेक्षा फास्ट चालवतात. मी सांगणार आहे ते हिशोबाचं.

सुरुवात माझ्या फजितीनं करतो. मागच्या एका कामावर आमच्या नऊ जणांच्या गँगचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. तीन आपले मराठी, दोन पंजाबी, चौघं ग्वाटेमाला आणि इक्वाडोरचे. मीही त्यात होतो. एक दिवस जेवणाच्या वेळी फोन बघतो तर मला ग्रुपमधून काढलेलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. ह्यांच्यासाठी मी ऑफिसशी भांडतो, थंडीत ह्यांना हातमोजे मागून आणतो, आणि हे मला बाहेर काढतात? चार दिवस मी कुणाशी धड बोललो नाही.

ते का काढलं, हे शेवटाकडे सांगतो. आधी नाक्याकडे जाऊ.

नाका आणि मुकादम

तुमच्यातले बरेच जण नाक्यावर उभे राहिलेले आहात. मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात, सकाळी सातला हत्यारांची पिशवी घेऊन. गवंडी एका बाजूला, बिगारी दुसऱ्या बाजूला, रंगारी झाडाखाली. ठेकेदार येतो, बोट दाखवतो, टेम्पो भरतो. नाका म्हणजे जुनं ॲपच. काम देणारा आणि काम करणारा एका जागी येतात.

पण नाक्यावर आणखी एक गोष्ट होते, ती ठेकेदाराला दिसत नाही. नाक्यावर माणसं एकमेकांशी बोलतात. "त्या बिल्डरकडे जाऊ नको, मागच्या महिन्याचे पैसे दिले नाहीत." "आज सहाशेच्या खाली कुणी बसू नका." "तो फिटर आहे ना, त्याचा हात चांगला आहे, त्याला बरोबर घे." म्हणजे नाका तीन कामं करतो: काम देतो, भाव ठरवतो आणि खबर पोचवतो.

आणि दुसरा आपला मुकादम. बीडकडचे असाल तर ऊसतोडीचा मुकादम माहीत आहे. उचल तोच देतो, कोयता तोच जुळवतो, कारखान्याशी बोलणारा तोच आणि हिशोबाची वहीसुद्धा त्याच्याकडेच. वही ज्याच्याकडे, तो मालक. तोडणीवाल्यानं किती टन तोडले हे तोडणीवाल्यालाच माहीत नसतं.

आता मोबाईल घ्या हातात. त्यातलं कुठलं ॲप नाका आहे आणि कुठलं मुकादम आहे, एवढं ओळखता आलं तरी पुरे. कसोटी सोपी आहे. वही कुणाच्या हातात आहे? आणि त्या ॲपवर तुम्ही एकमेकांशी बोलू शकता का?

कंपनीचं ॲप

मोठ्या साइटवर आज कागदाचा नकाशा कमी दिसतो. प्रोकोर नावाची कंपनी कॅलिफोर्नियातल्या कार्पिंटेरियाची, तिचं सॉफ्टवेअर खूप साइटवर चालतं. प्लॅनग्रिड २०११ साली निघालं, टॅबलेटवर नकाशे दाखवायचं. २०१८ साली ऑटोडेस्कनं ते ८७.५ कोटी डॉलरला घेतलं. एवढे पैसे कुणी उगाच देत नाही. कुठली भिंत कुठं, कुणाचं काम अडलंय, काल किती माणसं होती, किती काँक्रीट पडलं, सगळं त्यात असतं. सुपरवायझर म्हणून सांगतो, ही चांगली गोष्ट आहे. पूर्वी जुन्या नकाशावर भिंत उभी राहायची आणि मग फोडायची. शिव्या गवंड्याला. आता शेवटचा नकाशा सगळ्यांकडे एकाच वेळी येतो.

तुम्ही सुतार असा, सळई बांधणारे असा, इलेक्ट्रिशियनचे हेल्पर असा, सुपरवायझरला म्हणा, "मला नकाशा बघायचाय." लाजू नका. ज्याला नकाशा वाचता येतो तो दोन वर्षांत फोरमन होतो. मी होताना बघितलेत.

पण हजेरीही ह्याच प्रकारच्या ॲपमध्ये असते. आणि तिथं वही कंपनीच्या हातात असते. तुम्ही काम सोडलंत किंवा तुम्हाला काढलं की त्या दिवशी संध्याकाळी तुमचं लॉगिन बंद. आत काय लिहिलंय ते तुम्हाला परत दिसत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

काम देणारं ॲप

दुसरा प्रकार, काम शोधून देणारी ॲप्स. फर्निचर जोडा, भिंत रंगवा, एका दिवसासाठी गोदामात या. ह्यात तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा व्हिसाचा. तुम्ही एका मालकाच्या नावावर आला असाल, एच-टू-बी असो की दुसरा कुठला असाच व्हिसा, तर काम त्याच मालकाकडे करायचं असतं. शनिवारी ॲपवर घेतलेलं छोटं काम सुद्धा बेकायदा काम धरलं जातं, आणि ॲपवर त्याची कायमची नोंद राहते. स्टुडंट व्हिसावरच्या आपल्या पोरांनाही हे सांगा. "सगळेच करतात" हे वाक्य इमिग्रेशनच्या टेबलावर चालत नाही.

दुसरा खड्डा कागदाचा. तुम्हाला डब्ल्यू-टू मिळतो की टेन-नाइन्टी-नाइन? डब्ल्यू-टू म्हणजे तुम्ही नोकर. ओव्हरटाइम, टॅक्सची कपात, जखमी झालात तर कामगार विमा. टेन-नाइन्टी-नाइन म्हणजे कागदावर तुम्ही स्वतःच ठेकेदार. ओव्हरटाइम नाही, विमा तुमचा तुम्ही, टॅक्सही तुमचा तुम्ही. पण ऐका, कागदावर ठेकेदार लिहिलं म्हणजे तुम्ही ठेकेदार झालात असं नाही. वेळ तो ठरवतो, हत्यार त्याचं, काम कसं करायचं तेही तोच सांगतो, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही नोकर असू शकता. हे वकिलाला विचारण्यासारखं आहे.

तिसरा खड्डा पैसे आधी भरण्याचा. काम देण्यासाठी जो तुमच्याकडे पैसे मागतो, रजिस्ट्रेशन म्हणा, किट म्हणा, डिपॉझिट म्हणा, त्याला तिथंच सोडा.

पण ॲप आपल्या मालकीचं सुद्धा असू शकतं. न्यू यॉर्कमध्ये २०१७ साली अप अँड गो नावाचं घरसफाईचं ॲप सुरू झालं. ते सफाई करणाऱ्या बायकांच्या सहकारी संस्थांचं आहे. गिऱ्हाईक जे पैसे देतं त्यातले ९५ टक्के काम करणारीला मिळतात, बाकीचे ॲप चालवायला. त्याच शहरात २०२१ साली ड्रायव्हर लोकांनी स्वतःची सहकारी टॅक्सी सेवा काढली. आपण महाराष्ट्रातली माणसं, सहकार आपल्याला कुणी शिकवायचा? साखर कारखाना, दूध डेअरी, पतपेढी बघतच मोठे झालो. त्यातलं वाईटही बघितलं, चांगलंही बघितलं. चार गवंडी, दोन प्लंबर आणि एक हिशोब जाणणारी बाई, एवढ्यावर सुरुवात होते. कागदपत्रं आणि लायसन्स मात्र आधी.

कसबी माणूस कसा ओळखायचा, आणि आपण कसे दिसायचं

टोळी बांधायची तर माणूस ओळखता आला पाहिजे. ॲपवरचे पाच तारे मी फार मानत नाही. मी तीन गोष्टी बघतो. एक, कार्ड. इथं ओशाचं दहा तासांचं कार्ड असतं. न्यू यॉर्क शहरात २०१७ च्या लोकल लॉ १९६ प्रमाणे मोठ्या साइटवर कामगाराला ४० तासांचं आणि सुपरवायझरला ६२ तासांचं सुरक्षा प्रशिक्षण लागतं. वेल्डर असेल तर कुठल्या पोझिशनचं सर्टिफिकेट आहे ते बघतो. दोन, कामाचे फोटो. झालेल्या भिंतीचे नकोत, ते इंटरनेटवर कुणालाही मिळतात. काम चालू असतानाचे, शटरिंग उघडं असतानाचे. तीन, ज्याच्याबरोबर काम केलं त्या माणसाचा फोन नंबर. मालकाचा नको, जोडीदाराचा द्या. जोडीदार खरं बोलतो.

तुम्हीही तुमच्या फोनमध्ये अशी एक फाइल ठेवा. कार्डाचे फोटो दोन्ही बाजूंनी, कामाचे दहा फोटो, दोन जोडीदारांचे नंबर त्यांना विचारून. काम सुटलं तर दुसऱ्या दिवशी तीच फाइल पुढं करता येते.

पाचशे माणसं आणि एक फोन

आता एक खरी गोष्ट सांगतो. ह्यात स्मार्टफोन नाही.

कॅटरिना वादळानंतर, २००६-०७ साली, सिग्नल इंटरनॅशनल नावाच्या जहाजदुरुस्ती कंपनीनं भारतातून सुमारे ५०० वेल्डर आणि पाइपफिटर मिसिसिपीतल्या पास्कागुला आणि टेक्सासमधल्या ऑरेंज इथं आणले. एच-टू-बी व्हिसावर. त्यांना ग्रीन कार्डाचं आश्वासन दिलेलं होतं. एकेकानं दहा ते वीस हजार डॉलर एजंट मंडळींना भरलेले. जमीन विकून, दागिने गहाण टाकून. आल्यावर एका ट्रेलरमध्ये चोवीस-चोवीस माणसं, आणि त्या खाटेचे महिन्याला १,०५० डॉलर पगारातून कापायचे. मार्च २००७ मध्ये जे लोक आवाज उठवत होते त्यातल्या काहींना पहाटे पकडून परत पाठवायचा प्रयत्न झाला. एकानं जीव द्यायचा प्रयत्न केला.

हे लोक काय करू शकत होते? देश परका, कॅम्पला कुंपण, कर्ज डोक्यावर. त्यातल्या एकानं फोन केला. न्यू ऑर्लिन्समध्ये साकेत सोनी नावाचा भारतीय वंशाचा कामगार संघटक होता, त्याला. मग कॅम्पबाहेर गुपचूप बैठका. एकानं दोघांना सांगितलं, दोघांनी चौघांना. मार्च २००८ मध्ये त्यांनी काम सोडलं, डोक्यावरची हेल्मेटं काढून टाकली आणि वॉशिंग्टनपर्यंतचा मोर्चा काढला. तिथं उपोषण केलं. वकील मिळाले, नागरी हक्कांच्या संस्था मिळाल्या. २०१५ च्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्समधल्या ज्यूरीनं पहिल्या पाच कामगारांना १.४ कोटी डॉलर द्या म्हणून निकाल दिला. जुलैमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि बाकीच्यांसह २ कोटी डॉलरची तडजोड झाली. कंपनीनं माफीही मागितली.

मोर्चा आणि पैसा बाजूला ठेवून बघा, ह्यात सगळ्यात मोठं काम काय झालं? त्यांनी आपल्याला जे येत नव्हतं ते येणारी माणसं शोधली. वेल्डिंग त्यांना येत होतं. कायदा, इंग्रजी, वर्तमानपत्र, खासदार ह्यातलं काही येत नव्हतं. तेव्हा कसबी सहकारी म्हणजे नेहमी प्लंबर आणि गवंडीच नव्हे. वकील, संघटक, चांगला दुभाषी, हेही आपल्या टोळीतलेच. त्यांचे नंबर काम बिघडायच्या आधी फोनमध्ये हवेत.

आपल्याकडेही हे जुनंच आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि साडेपाच हजारांवर सह्या घेतल्या. आठवड्याची रजा द्या, म्हणून. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपरचं काम केलेला माणूस. त्यांच्याकडे "दीनबंधु" हे वर्तमानपत्र होतं, म्हणजे खबर पोचवायचं साधन आपल्या हातात होतं. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. आज रविवारी आपण बोलतोय ते त्या सह्यांमुळे.

खबर शेवटच्या माणसापर्यंत

आता मला झोप लागू न देणारी गोष्ट. २६ मार्च २०२४, बाल्टिमोर. रात्री दीडच्या सुमाराला डाली नावाचं मालवाहू जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाला धडकलं आणि पूल पाण्यात गेला. जहाजानं आधी धोक्याचा इशारा दिला होता. पोलिसांना तो मिळाला आणि त्यांनी पुलावरची वाहतूक थांबवली. कितीतरी लोक त्यामुळे वाचले. पण पुलावर रस्त्याचे खड्डे बुजवणारी गँग होती. त्यांना सांगायचा विचार चालू होता, तेवढ्यात पूल कोसळला. सहा कामगार गेले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोरची माणसं. पोटासाठी आलेली, तुमच्या-माझ्यासारखी.

इशारा होता. यंत्रणा होती. रेडिओ चालू होता. फक्त काम करणाऱ्या माणसाच्या हातात तो पोचला नाही.

म्हणून मी सुपरवायझर लोकांना आणि तुम्हालाही विचारतो: तुमच्या साइटवर धोक्याची खबर शेवटच्या माणसापर्यंत कशी जाते? कंपनीचं ॲप फक्त माझ्या टॅबलेटवर आहे. उद्या क्रेनचा पट्टा तुटत असेल तर खड्ड्यात उतरलेल्या माणसाला ते ॲप काय सांगणार? आमच्याकडे आता सकाळी तीन गोष्टी ठरतात: एअर हॉर्न कुणाकडे, किती वेळा वाजला की पळायचं, आणि पळून कुठं जमायचं. स्पॅनिश बोलणाऱ्यांना फोनवरचं भाषांतर ऐकवून खात्री करतो आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतो. भाषांतराचं ॲप कधी कधी भलतंच बोलतं. "लोड" शब्दाचं काय होईल सांगता येत नाही. म्हणून हाताच्या खुणा पाठ हव्यात.

ते का काढलं

आता माझ्या ग्रुपकडे परत.

मला काढल्यानंतर दोन आठवड्यांनी आमच्यातला साताऱ्याकडचा सुतार माझ्या गाडीपाशी आला. वयानं मोठा, मी त्याला दादा म्हणतो, तो मला साहेब. खिशातली छोटी डायरी काढली.

"साहेब, हे बघा."

रोज काम सुरू किती वाजता, संपलं किती वाजता, जेवायला बसलो की नाही. चौदा आठवडे. काम मागे पडलं होतं, पंप चालू असायचा, माणसं उभ्या उभ्या घास घ्यायची. आणि कंपनीचं हजेरीचं ॲप रोज आपोआप अर्धा तास जेवणाचा कापत होतं. जेवलात की नाही, ते विचारत नव्हतं.

दादा म्हणाला, "तुम्हाला काढलं म्हणून राग आला ना? पण साहेब, बटण तुम्हीच दाबता."

खरं होतं. रोज संध्याकाळी नऊ जणांची हजेरी माझ्या टॅबलेटवर येते आणि मी हिरवं बटण दाबतो. मला ठाऊक होतं की कुणी जेवायला बसत नाही. मी समोरच होतो. माझा पगार महिन्याचा ठरलेला, माझा अर्धा तास कापला जात नव्हता, म्हणून माझं लक्ष गेलं नाही. चौदा आठवडे मी त्यांचे पैसे कापायला सही देत होतो.

हिशोब बघा. रोज अर्धा तास, आठवड्याला अडीच तास. चाळीस तास आधीच पूर्ण झालेले, म्हणजे हे सगळे तास ओव्हरटाइमचे. तासाला २८ डॉलर, दीडपट म्हणजे ४२. आठवड्याला १०५ डॉलर. चौदा आठवड्यांचे १,४७०. नऊ माणसांचे १३,२३०. गावाकडे ह्यात छपराचं काम होतं.

कायदा काय म्हणतो? १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट. जेवणाची सुट्टी बिनपगारी धरायची तर माणूस कामातून पूर्ण मोकळा असला पाहिजे. उभ्यानं घास घेत पंप सांभाळणं म्हणजे काम. त्याचे पैसे द्यावे लागतात. आणि केलेल्या कामाच्या मजुरीचा हा हक्क कागदपत्रं नसलेल्यालाही आहे.

मी डायरीच्या पानांचे फोटो जोडून ऑफिसला मेल केला. पहिलं उत्तर काय आलं? "ही हजेरी तुम्हीच मंजूर केलेली आहे." मी लिहिलं, "हो, मी चुकीची मंजूर केली, म्हणूनच लिहितोय." तीन आठवडे गेले. शेवटी अकरा आठवड्यांचे पैसे आले, माणशी १,१५५. उरलेले तीन आठवडे दादा आजारी होता आणि दुसऱ्या कुणी डायरी ठेवली नव्हती. ते माणशी ३१५ डॉलर गेले. मला नंतर कळलं की १९४६ च्या माउंट क्लेमेन्स पॉटरी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की मालकाची नोंद बरोबर नसेल तर कामगार आठवणीवरून, पटण्यासारख्या अंदाजानं सुद्धा तास दाखवू शकतो. म्हणजे तेही मागता आले असते. पण गँगनं पुढं न जायचं ठरवलं. तो त्यांचा निर्णय, मी त्याला नावं ठेवत नाही. मला पुढची साइट दीड तास लांबची मिळाली. मुद्दाम की सहज, मला सिद्ध करता येणार नाही.

आता ग्रुपचं. १९३५ च्या नॅशनल लेबर रिलेशन्स ॲक्टच्या सातव्या कलमाप्रमाणे कामगारांनी पगाराबद्दल, सुरक्षेबद्दल एकमेकांशी बोलणं हा हक्क आहे. युनियन नसली तरी. फोनवर बोललात तरी. बफेलोमधल्या एका संस्थेतल्या पाच जणांना फेसबुकवर कामाबद्दल बोलले म्हणून काढलं होतं, त्यात कामगार मंडळानं २०१२ साली निकाल कामगारांच्या बाजूनं दिला. पण ह्या कायद्यातून शेतमजूर, घरकाम करणारे आणि खरे स्वतंत्र ठेकेदार बाहेर आहेत. कागद नसलेल्याला २००२ च्या हॉफमन निकालामुळे, काढून टाकल्यानंतरचा बुडालेला पगार ह्या कायद्याखाली मिळत नाही.

आणि आणखी एक जण बाहेर आहे. सुपरवायझर. म्हणजे मी.

कळलं का? त्या ग्रुपमध्ये तुम्हाला जे संरक्षण आहे ते मला नाही. वरून कुणी मला विचारलं, "ग्रुपवर कोण काय बोलतंय?" तर माझी नोकरी आणि तुमचा भरवसा ह्यात मी अडकतो. मी कितीही चांगला असेन, तरी बटण माझ्या हातात आहे. म्हणून सांगतो, मला काढलं ते बरं केलं. तुमचा सुपरवायझर तुमच्या गावचा असेल, तुमच्याबरोबर गणपतीची आरती म्हणत असेल, तरी कामगारांचा ग्रुप वेगळा ठेवा. कामाचे निरोप द्यायला दुसरा ग्रुप करा, त्यात त्याला घ्या.

आज रात्री करायच्या गोष्टी

बोलणं संपवतो. आज झोपायच्या आधी दहा मिनिटं काढा.

एक. डायरी सुरू करा. कागदाची चालेल. तारीख, सुरू, बंद, जेवण झालं की नाही, साइटचा पत्ता, सुपरवायझरचं नाव. आठवड्यातून एकदा पानाचा फोटो घरच्या माणसाला पाठवा. फोनवर हवं असेल तर जोर्नालेरो नावाचं ॲप आहे. न्यू यॉर्कच्या रोजंदारी कामगारांच्या संघटनांनी २०१६ साली ते काढलं, तास लिहायला आणि पैसे बुडवणाऱ्यांची नोंद ठेवायला. त्यातली कल्पना घ्या: वही आपल्या हातात. आणि एकट्यावर सोडू नका. गँगमध्ये निदान दोघांनी डायरी ठेवायची. आमचे तीन आठवडे त्यामुळेच गेले.

दोन. कामगारांचं बोलणं कंपनीच्या फोनवर, कंपनीच्या ॲपमध्ये, कंपनीच्या वायफायवर करू नका. आणि ग्रुपवर लिहिलेलं प्रत्येक वाक्य उद्या कुणी स्क्रीनशॉट काढून दाखवेल असं समजून लिहा. शिवी नको, धमकी नको, खोटं नको. तास आणि आकडे लिहा.

तीन. मुदती पाठ करा. सुरक्षेची तक्रार केली म्हणून त्रास दिला तर ओशाकडे ३० दिवसांत. एकत्र बोलल्याबद्दल काढलं तर नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डाकडे सहा महिन्यांत. बुडालेल्या मजुरीला दोन वर्षं, मालकानं जाणूनबुजून केलं असेल तर तीन. पगाराची तक्रार तोंडी केली तरी ती तक्रारच, हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये कास्टेन खटल्यात सांगितलंय. त्या खटल्यातही भांडण हजेरीच्या घड्याळांवरूनच सुरू झालं होतं.

चार. हे नंबर फोनमध्ये घाला. मजुरीसाठी वेज अँड अवर विभाग: १-८६६-४८७-९२४३. सुरक्षेसाठी ओशा: १-८००-३२१-६७४२. पासपोर्ट काढून घेतलाय, कोंडून ठेवलंय, कर्जापायी सुटता येत नाही, असं असेल तर मानवी तस्करीविरोधी हेल्पलाइन: १-८८८-३७३-७८८८. आणि जवळच्या कामगार केंद्राचा नंबर.

पाच. गावाकडून कुणी यायला निघालं असेल, कुठल्याही देशात, तर एजंटाचा रजिस्ट्रेशन नंबर भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासायला सांगा. मेक्सिकोच्या कामगारांनी २०१४ पासून कॉन्त्रातादोस नावाच्या साइटवर एजंट आणि मालकांबद्दल आपले अनुभव लिहून ठेवलेत, मागून येणाऱ्यासाठी. आपण निदान फोन करून एवढं सांगू शकतो: "ह्या माणसाला पैसे देऊ नको."

त्या साताऱ्याच्या दादानं परवा नवीन डायरी घेतली, एक डॉलरची. मला फोटो पाठवला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला. पहिल्या पानावर लिहिलंय: जेवण – बसून.

आता प्रश्न विचारा. ज्यांना नाव सांगायचं नाही त्यांनी कॅमेरा बंद ठेवून विचारलं तरी चालेल.